गच्चीवरचे बंद सोलर, आणि त्याआधीचा बंब

सध्या गावात जिकडे तिकडे एकच विषय आहे, छतावरची सौर पॅनेल. 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये सब्सिडी मिळते म्हटल्यावर बँकेत, वीज कंपनीच्या ऑफिसात, चहाच्या टपरीवर तीच चर्चा. चांगलंच आहे. पण पॅनेलवाले माप घ्यायला गच्चीवर चढतात तेव्हा कितीतरी घरांत आधी एक जुनी वस्तू बाजूला काढावी लागते. गंजलेला लोखंडी स्टँड, त्यावर पांढरी टाकी, खाली अर्ध्या फुटलेल्या काळ्या नळ्या. कुणीतरी टाकीला कपडे वाळवायची दोरी बांधलेली. पंधरा-अठरा वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेलं पाणी तापवायचं सोलर.

म्हणजे सूर्याची ही लाट गावात पहिल्यांदा आलेली नाही. पहिली येऊन गेली. ती का आली आणि का ओसरली, हे आत्ताच नीट बघितलं पाहिजे, कारण खिशातून पैसे पुन्हा आपलेच जाणार आहेत. त्यासाठी जरा मागे जाऊ. पोस्ट लांब आहे मंडळी, निवांत वाचा.

चाळिशीच्या पुढच्यांना बंब सांगायला नको. पण आताच्या पोरांनी तो फक्त हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेला पाहिलाय, म्हणून सांगतो. तांब्याचं उभं, पिंपासारखं भांडं. त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत आरपार एक नळी. नळीच्या तळाला जाळी. जळण वरून नळीत टाकायचं, राख जाळीतून खाली पडायची, धूर वरनं निघून जायचा. नळीच्या चारी बाजूंनी पाणी. कडेला पितळेची तोटी. एक बादली कढत पाणी काढलं की एक बादली गार पाणी ओतायचं, हा घराघरातला कायदा. जो ओतत नसे त्याला दिवसभर बोलणी बसत.

आज 'एनर्जी एफिशियंट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या मते आपल्याकडच्या घरातली पहिली एनर्जी एफिशियंट वस्तू म्हणजे हा बंब. उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर निम्म्याहून जास्त जाळ कडेनं निघून जातो, वारा असेल तर विचारूच नका. बंबात जाळ पाण्याच्या पोटात असतो, त्याला जायला पाण्याशिवाय दुसरी वाटच फारशी नाही. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो. आणि बंबाला चांगलं लाकूड लागत नसे. भुईमुगाची टरफलं, तुराट्यांचे तुकडे, पऱ्हाट्या, गोवरीचा चुरा, करवंट्या, जे स्वयंपाकाच्या चुलीला नको ते बंबाला चालायचं.

पण बंबाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. तो पेटवायचा कुणी? थंडीत पहाटे पाचला उठून, ओल्या तुराट्यांचा धूर डोळ्यांत घेत बंब पेटवणारी त्या घरची सून असायची. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत दर दहा मिनिटांनी जळण सारायला तीच. बऱ्याच घरांत तिची स्वतःची आंघोळ शेवटी, उरलेल्या कोमट पाण्यात. 'बंबाच्या पाण्याची सर गिझरला नाही' असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, हे मी आजवर बघितलंय.

शिवाय बंब सगळ्यांकडे नव्हताच. तांब्याची वस्तू, ती बाजारपेठेतल्या वाड्यांत, सावकाराकडे, वकिलाकडे. बाकी गावात तीन दगडांची चूल आणि त्यावर जर्मनचं पातेलं. जळण म्हणजे येडी बाभळ. ती तोडून मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाया आजही सकाळी रस्त्याला दिसतात. घरात गॅस असतो, २०१६ नंतर उज्ज्वलाचाही आला, पण तो भाजी-भाकरीला पुरवायचा असतो. सिलेंडरवर पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवणं परवडत नाही, म्हणून अंगणातली चूल काही विझलेली नाही. सरकारी कागदावर हे दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता हे विचारलं, आंघोळीचं पाणी कशावर तापवता हे विचारलं नाही. पहाटेचा धूर कुठल्याच रकान्यात बसला नाही.

बंबानंतर आला रॉकेलचा स्टोव्ह, मग बादलीत टाकायचा हिटर, मग गिझर. हिटरनं शॉक बसल्याच्या बातम्या मी स्वतः किती लिहिल्या असतील, मोजदाद नाही. गिझर हा शब्द मूळचा आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या फवाऱ्याचा. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉघन नावाच्या माणसानं गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला ते नाव दिलं. आपल्याकडे विजेचा गिझर घरोघरी यायला पुढची शंभर वर्षं गेली. तो आल्यावर सुनेची पहाटेची झोप तासभर वाढली, हे त्याचं खरं पुण्य. बदल्यात वीजबिल वाढलं. साधा हिशोब सांगतो. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. पाच माणसांचे झाले सव्वादोन-अडीच युनिट, तेही गिझर वेळेत बंद केला तर.

आता सूर्याकडे येऊ. उन्हावर पाणी तापवणं ही काही परवाची अक्कल नाही, आणि तिचा एक धागा थेट मुंबईत सापडतो. मुंबई हायकोर्टात विल्यम अॅडम्स नावाचे डेप्युटी रजिस्ट्रार होते. १८७० च्या दशकात त्यांनी कुलाब्यात सपाट आरशांची रांग एका बॉयलरवर रोखून नुसत्या उन्हावर वाफ केली आणि तिच्यावर पंप चालवून दाखवला. सूर्यचुलीवर ऐन जानेवारीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं. १८७८ साली त्यांनी यावर मुंबईत पुस्तकच छापलं. मुद्दा साधा होता: या देशात लाकूड आणि कोळसा महाग, ऊन फुकट. कोर्टातला कारकुनी माणूस दीडशे वर्षांपूर्वी हे लिहून गेला आणि आपण त्याचं नावही विसरलो.

घरगुती सोलर बंब मात्र जन्मला अमेरिकेत. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून पेटंट घेतलं. दिवसा पाणी तापायचं, रात्रीत गार व्हायचं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी टाकी वेगळी काढली, तिला उबदार वेष्टन घातलं आणि तापवायच्या नळ्या खाली ठेवल्या. गरम पाणी हलकं म्हणून आपोआप वर टाकीत चढतं, गार खाली येतं, पंप लागत नाही. याला थर्मोसायफन म्हणतात. आपल्या गच्चीवरचं सोलर हेच आहे, शंभर वर्षांत मूळ रचना बदललेली नाही. बेलींचा धंदा जोरात चालला, आणि मग १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास नैसर्गिक वायू भरपूर सापडला. गॅस स्वस्त झाला, गॅस कंपनीनं जोडण्या सोप्या केल्या आणि सोलर मागे पडलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उलटं उदाहरण इस्रायलचं. १९५० च्या दशकात तिथं इंधनाची इतकी टंचाई होती की रात्री पाणी तापवायलाच बंदी होती. लोकांनी गच्चीवर सोलर बसवायला सुरुवात केली. १९८० मध्ये नव्या घरांना कायद्यानं सक्ती झाली आणि आज तिथल्या बहुतेक घरांत पाणी उन्हावर तापतं.

भारतात सरकारचं लक्ष सूर्याकडे गेलं ते १९७३ आणि १९७९ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर. १९८१ ला केंद्रानं आयोग नेमला, १९८२ ला अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला, १९८५ ला महाराष्ट्रात 'महाऊर्जा'ची नोंदणी झाली. पण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात सोलर यायला आणखी दोन दशकं लागली. का, तर पैसा हे एक कारण आणि छत हे दुसरं.

लातूर-धाराशिवच्या आपल्या पट्ट्यात घरं माळवदाची. दगडी भिंती, लाकडी सरे, वर दीड-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण त्याच्यावर पाण्याची टाकी ठेवायची कल्पनाही कुणी करत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि माळवद हा शब्द उच्चारायलाही लोक घाबरायला लागले. ज्यांना झेपलं त्यांनी कॉलम-स्लॅबची घरं बांधली. पुढच्या दहा-बारा वर्षांत गावाचं छतच बदललं. सपाट सिमेंटची गच्ची, तिच्यावर काळी प्लास्टिकची टाकी. आपल्याकडचा सोलरचा इतिहास लिहायचा तर तो भूकंपापासून सुरू करावा लागतो, हे विचित्र वाटतं, पण तसंच आहे. आणि ज्यांच्या डोक्यावर आजही पत्रा आहे त्यांच्यासाठी तो इतिहास अजून सुरूच झालेला नाही.

दुसरा धक्का लोडशेडिंगनं दिला. मी तेव्हा नुकता बातमीदारीत आलो होतो. भारनियमनाचं वेळापत्रक ही पेपरातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी बातमी असायची. बारा-बारा तास वीज नाही. सकाळी सहा ते नऊ लाइट नसेल तर गिझर भिंतीवरचा पांढरा डबा. कपाटामागे टाकलेले बंब लोकांनी पुन्हा बाहेर काढले, चिंच लावून घासले. अशा वेळी शाळेचे सर, डॉक्टर, खतवाले दुकानदार यांच्या गच्चीवर पहिले सोलर आले. लाइट नसतानाही कढत पाणी, तेही तोटी फिरवली की. शेजारीपाजारी बघायला यायचे.

सुरुवातीचे सोलर सपाट पेटीचे होते. आत तांब्याच्या बारीक नळ्या, वर जाड काच. टिकाऊ पण महाग. मग चीनकडून काचेच्या नळ्यांचे सोलर आले. प्रत्येक नळी म्हणजे उभा थर्मास, दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी. किंमत उतरली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन जाहीर झालं, त्यात पाणी तापवण्यासाठी २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर संग्राहकांचं उद्दिष्ट होतं. सब्सिडी होती, कमी व्याजाचं कर्ज होतं. बँकेच्या दारात सोलरचे स्टॉल लागले. नवा बंगला बांधला की सोलर हवंच, अशी प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

आणि मग ते एकेक करून बंद पडायला लागले.

लोक म्हणतात 'माल खराब होता'. काही होताही. पण मी ज्या गॅरेजवाल्यांशी, प्लंबरांशी बोललो त्यांचं सांगणं आणि यंत्राचं शास्त्र जुळवून बघितलं, तर मुख्य दोषी दुसराच निघतो. तो म्हणजे पाणी.

थर्मोसायफनची एक अट आहे. सोलरच्या टाकीत कायम पाणी भरलेलं पाहिजे. त्यासाठी गार पाण्याची टाकी तिच्याहून उंच हवी आणि तिच्यात रोज पाणी हवं. आपल्याकडे नळाला पाणी चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. टाकी रिकामी, वर ऊन कडक. आत पाणी नसलेली नळी प्रचंड तापते. मग संध्याकाळी नळ येतो, कुणीतरी मोटर लावतं, गार पाणी तापलेल्या काचेत शिरतं आणि टचकन आवाज येतो. एक नळी फुटली की त्या भोकातून सगळं पाणी वाहून जातं, म्हणून आख्खं सोलर बंद. २०१६ आठवतंय ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात गच्चीवरची सोलर कोरडी ठणठणीत उभी होती. त्या वर्षी किती नळ्या गेल्या असतील, त्याचा कुणी पंचनामा केला नाही.

नळाला पाणी नाही म्हणून बोअर. बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तो आपण रोज बघतो. पाणी जितकं तापेल तितके क्षार जास्त खाली बसतात, त्यामुळे सोलरमध्ये ते आधी बसतात. सपाट पेटीच्या बारीक नळ्या चोंदतात, काचेच्या नळ्यांच्या तळाशी चुन्याचा गाळ साचतो. टाकीला गंजण्यापासून वाचवायला आत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते, म्हणून ठरावीक काळानं बदलायची असते. ही कांडी आत आहे हे तरी किती मालकांना कुणी सांगितलं होतं?

इथं माणसाचा प्रश्न येतो. बंबाला कल्हईवाला, तांबट गावातच होता. तोटी गळली, तळ गेला, तर आठवडी बाजारात दुरुस्ती. सोलर विकणारा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणचा. एका विक्रेत्यानं तर आपल्या भागात भरपूर सोलर विकले, सब्सिडी बंद झाली तसं शटर ओढलं, आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर लागेना. एक नळी बदलायची तर शहरातून मागवा, एसटीत काच सांभाळून आणा, बसवायला माणूस शोधा. वर माकडं आणि गारपीट आहेच. थकून लोकांनी परत गिझर लावला.

२०१४ मध्ये केंद्रानं पाणी तापवण्याच्या सोलरची सब्सिडी थांबवली. तोवर लोडशेडिंगही कमी होत आलं होतं, सकाळी लाइट राहायला लागली. वर सिलेंडरवर चालणारे छोटे गॅस गिझर स्वस्तात आले. बंद बाथरूममध्ये ते लावून कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तरी विक्री थांबली नाही. कॅलिफोर्नियात १९२० ला घडलं तेच आपल्या तालुक्यात घडलं. भिंतीवरचं बटण सोपं झालं आणि गच्ची विसरली गेली.

माझं मत स्पष्ट आहे. सरकारनं सोलर विकायला पैसे दिले, चालू ठेवायला दिले नाहीत. चौरस मीटरचं उद्दिष्ट होतं, त्यातलं दहा वर्षांनी चालू किती हे मोजायची पद्धत नव्हती. २०१५ ला 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू झालं, पण त्याचा भर विजेच्या पॅनेलवर. पाण्याच्या सोलरचा मिस्त्री कुणी तयारच केला नाही. पुणे महापालिकेनं सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांसारख्या गोष्टींना मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत दिली. कर दरवर्षी भरावा लागतो, त्यामुळे अशी सवलत यंत्र चालू आहे का ते बघून देता येते. आपल्या नगरपालिकेत असा विषय कधी पटलावर आल्याचं मला आठवत नाही, आणि सभा मी बऱ्याच कव्हर केल्यात.

आता पॅनेलच्या नव्या लाटेबद्दल. ही सब्सिडी विजेच्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. म्हणून 'जुनं भंगारात घाला, पॅनेलवर गिझर चालवा' असा सल्ला सर्रास दिला जातोय. हिशोब करून बघा. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात. १ किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे चांगल्या उन्हात दिवसाला साधारण तेवढंच देतं आणि त्याला पाच-सहा चौरस मीटर जागा नुसत्या पॅनेलची लागते. तेच काम पाण्याचं सोलर दोन चौरस मीटरमध्ये करतं, कारण ऊन सरळ उष्णतेत जातं, मध्ये वीज नाही. गच्ची लहान असेल तर हा फरक मोठा आहे. ज्यांच्याकडे रोज पाणी आहे, टाकी उंच आहे, त्यांनी चालू असलेलं सोलर काढू नये, असं मी म्हणेन.

ज्यांचं पाणी आठवड्यानं येतं त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी हीट पंप नावाची वस्तू बाजारात आलीय. फ्रीज उलटा फिरवल्यासारखी, हवेतली उष्णता ओढून पाण्याला देते आणि गिझरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत काम करते. महाग आहे, आणि तिचाही मिस्त्री गावात नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथंच. गिझरच घ्यायचा असेल तर एवढं बघा: साठवणीच्या गिझरवरचे तारे हे साठवलेलं पाणी किती उष्णता गमावतं त्याचे असतात. दिवसभर चालू ठेवलात तर पाच तारेही बिल वाचवत नाहीत.

गच्चीवरचं सोलर टाकण्याआधी एक काम मात्र करता येईल. टाकी शाबूत असेल तर फक्त नळ्या आणि खालची रबरी वायसरं बदलून बरेच सोलर परत सुरू होतात. दसऱ्याआधी टाकीचा गाळ काढा, कांडी तपासा. उन्हाळ्यात पाणी नसेल तेव्हा नळ्यांवर जुनं पोतं किंवा शेडनेट टाका, आणि रिकाम्या सोलरमध्ये पाणी सोडायचंच असेल तर पहाटे, नळ्या गार असताना. गावात हे काम येणारे दोन प्लंबर माझ्या माहितीत आहेत, दोघंही पन्नाशीच्या पुढचे. आयटीआयच्या प्लंबर ट्रेडची पोरं महिनाभर त्यांच्या हाताखाली घालता येतील का, हे मी या आठवड्यात प्राचार्यांना विचारणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथंच लिहीन.